पॅरिसची बुटिकं पायी हिंडून बघायची, तर...

विंडो शॉपिंगला फ्रेंच लोक 'लेश-वित्रीन' म्हणतात. शब्दशः अर्थ, दुकानाच्या काचा चाटणं. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण संध्याकाळी साडेसहाला मारे भागातल्या एखाद्या गल्लीत उभं राहिलात की शब्द पटतो. ऑफिसातून घरी निघालेली माणसं शोकेससमोर थांबतात, काचेला नाक लागेल इतकी वाकतात, कोपऱ्यातली किमतीची चिठ्ठी वाचतात, खांदे उडवतात आणि पुढच्या काचेकडे वळतात.

मी या शहरात काही वर्षं राहिले. त्या काळात पुण्या-मुंबईहून आलेल्या मावश्या, वहिनी, मैत्रिणी आणि दोन अत्यंत नाखूश मेहुणे अशा बऱ्याच मंडळींना बुटिकं दाखवत हिंडवलं. पहिल्या दिवशी सगळ्यांची अडचण एकच: "आत गेलो आणि काही घेतलं नाही तर?" म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी हे मनातून काढून टाका

न घेता बाहेर पडण्यात इथे काहीही गैर नाही, आणि त्यालाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या बऱ्याच दुकानांत शिरणं म्हणजे काहीतरी घ्यायचं कबूल करण्यासारखं होतं. किंमत लिहिलेली नसायची, घासाघीस व्हायची. आरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये 'बों मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्याने मोठ्या प्रमाणावर वेगळी रीत रुळवली. प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत, कुणीही आत यावं, हात लावून बघावं, घेतलेलं पसंत नसेल तर परत करावं. काही दुकानांच्या दारावर आजही 'आंत्रे लिब्र', म्हणजे मुक्त प्रवेश, अशी पाटी दिसते.

आपली खरी पंचाईत लक्ष्मी रोडच्या सवयीमुळे होते. तिथे गादीवर बसलं की समोर पंचवीस साड्या उलगडल्या जातात, "नुसतं बघा हो, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही" असं म्हणत चहा येतो, आणि मग रिकाम्या हाताने उठणं जिवावर येतं. पॅरिसमध्ये कुणी काही उलगडत नाही आणि चहाही येत नाही. त्यामुळे ओझंही नाही.

दारातले पाच सेकंद

मात्र एक गोष्ट चुकवायची नाही. दुकानात पाऊल टाकताच, कपड्यांकडे बघण्याआधी, आत जो कुणी असेल त्याच्याकडे बघून 'बोंझूर' म्हणायचं. संध्याकाळ झाली असेल तर 'बोंस्वार'. छोटं बुटिक म्हणजे इथे जवळजवळ कुणाचं तरी घर. न बोलता शिरणारा माणूस, मग तो कितीही पैसेवाला असो, उद्धटच ठरतो. 'पॅरिसचे दुकानदार फार तोऱ्यात असतात' ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे. त्यातल्या निम्म्या वेळा तरी बोंझूर राहून गेलेलं असतं. उरलेल्या वेळा ते खरंच तोऱ्यात असतात.

पुढची तीन वाक्यं पाठ करा. मदत हवी का असं विचारलं तर 'झ रगार्द, मेर्सी', म्हणजे नुसती बघतेय, धन्यवाद. घालून बघायचं असेल तर 'झ प एसेये?' आणि बाहेर पडताना, काही घेतलं नसलं तरी, 'मेर्सी, ओ रव्वार'. उच्चार वाईट असला तरी चालतो. समोरचा लगेच इंग्रजीत बोलू लागेल, पण तुमचं काम तोवर झालेलं असतं.

घडी घातलेला माल स्वतः ओढून काढू नका, बोट दाखवून विचारा. हँगरवरचं मात्र बिनधास्त सरकवून बघा. भाव कमी करायला सांगू नका. ती हौस जुन्या बाजारात, म्हणजे सँत-उआँ किंवा व्हाँव्हच्या शनिवार-रविवारच्या बाजारात भागवावी.

दिवस आणि वेळ

सकाळी नऊला तयार होऊन बाहेर पडण्यात अर्थ नाही. छोटी बुटिकं अकराच्या सुमारास उघडतात, काही दुपारी जेवायला बंद असतात, आणि संध्याकाळी सात-साडेसातला दिवे मालवतात. रविवारी बरंच शहर बंद असतं, पण मारे भागातली बहुतेक दुकानं उघडी असतात. म्हणून रविवार मारेसाठी राखून ठेवा, फक्त गर्दी तुळशीबागेसारखी असेल हे धरून चाला. सोमवारी काही छोटी बुटिकं बंद असतात. ऑगस्टमध्ये तर मालकच सुट्टीवर जातात आणि दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लटकत असते.

सेल वर्षातून दोनदा लागतो आणि त्याच्या तारखा सरकारी नियमाने ठरतात. 'सोल्द' म्हणतात त्याला. हिवाळ्यातला साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, उन्हाळ्यातला जूनच्या शेवटच्या बुधवारी, कधी एक आठवडा अलीकडे. प्रत्येकी चार आठवडे. मूळ किंमत आणि कमी केलेली किंमत दोन्ही चिठ्ठीवर दाखवावी लागते. पहिल्या आठवड्यात मापं मिळतात, सूट कमी असते. चौथ्यात सूट भरपूर, आणि उरलेलं असतं ते एकतर फारच लहान नाहीतर मोहरीच्या पिवळ्या रंगाचं. मला विचाराल तर दुसरा आठवडा, मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी.

कुठून सुरुवात करायची

शाँजेलिझेवरून नको. रस्ता भव्य आहे, एकदा बघून घ्या, पण तिथली बरीचशी दुकानं तुम्हाला दुबईत आणि मुंबईतही भेटतील. एका दिवशी एकच भाग घ्या आणि मेट्रो विसरून जा.

पहिल्या दिवसासाठी मी नेहमी पाले-र्वायालपासून निघते. लूव्रसमोरची मेट्रो, रस्ता ओलांडला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आखूड खांब, आणि त्यापलीकडे बाग. बागेच्या तिन्ही बाजूंनी कमानींची ओवरी आहे. १७८०च्या दशकात राजघराण्यातल्या ड्यूकने पैशाच्या चणचणीपोटी बागेच्या कडेने ही बांधकामं काढली आणि खाली गाळे भाड्याने दिले. पावसात न भिजता, चिखलात पाय न भरवता दुकानं बघत फिरायची चैन पॅरिसकरांना इथे लागली. आजही इथे अत्तरं, हातमोजे, निवडक कपडे यांची शांत दुकानं आहेत. सकाळी अकराला इथे तुमच्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

उत्तरेच्या टोकाने बाहेर पडलात की दोन मिनिटांवर गालरी व्हिव्हिएन, १८२०च्या दशकातला काचेच्या छपराचा बोळ. खाली बघत चाला, कारण मोझाइकची फरशी हीच इथली खरी चीज आहे. असे झाकलेले बोळ शहरात एकेकाळी पुष्कळ होते, आता वीसेक उरलेत. पाऊस असेल तर तसंच पुढे पानोरामा, जूफ्र्वा आणि व्हेर्दो हे तिन्ही एकामागून एक ओलांडत जाता येतं. मधले रस्ते सोडले तर छत्री उघडावी लागत नाही.

पाऊस नसेल तर पाले-र्वायालहून उलट, पश्चिमेला, सँतोनोरे रस्ता धरा. इथून मोठ्या नावांचा मुलूख सुरू होतो. डावी-उजवीकडे वळत र्यू कांबोंला या ('र्यू' म्हणजे रस्ता). ३१ नंबरचं शनेल या फॅशनपेढीचं घर १९१८ पासून इथे आहे. त्याआधी १९१० मध्ये त्याच रस्त्यावर २१ नंबरला कोको शनेलने टोप्यांचं दुकान थाटलं होतं. तिथून प्लास व्हाँदोम अगदी जवळ. हा जवाहिऱ्यांचा चौक. इथे मराठी माणसाने १२ नंबरसमोर जरा थांबावं. ते शोमे या पेढीचं घर. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये शोमेकडूनच साधारण ४७-४७ कॅरटचे दोन पेरूच्या आकाराचे हिरे घेतले होते. मी 'पेरू' म्हणते, जाणकार त्याला 'पेअर' म्हणतात, आणि एका मावशींनी ते हिरे 'जोडी' या अर्थाने पेअर आहेत असं शेवटपर्यंत मानलं.

अशा दुकानांच्या दारात सूट घातलेला दरवान असतो. त्याला बघून बिचकू नका. बोंझूर म्हणा, तो दार उघडतो. तुमच्या पायात काय आहे ते तो बघतो, हे खरं. धुतलेले पांढरे स्नीकर्स चालतात. कधी बाहेर रांग लावतात आणि एकेका गिऱ्हाइकाला एक विक्रेता देतात. तिथे 'नुसती बघतेय' सांगायला थोडा जीव घट्ट करावा लागतो, पण सांगता येतं.

आणि एक लक्षात ठेवा, शोकेसमधल्या वस्तूची किंमत बाहेरून वाचता येईल अशी लावणं इथे बंधनकारक आहे. खालच्या कोपऱ्यात बोटाएवढी पट्टी असते. ती आधी वाचा. तीवर कर धरलेलीच रक्कम असते, बिलात वर काही चढत नाही.

मारे: रविवारची गल्ली

एक नंबरच्या मेट्रोने सँ-पोलला उतरा आणि उत्तरेकडे चालत र्यू दे फ्राँ-बुर्झ्वा गाठा. हा मुख्य रस्ता. त्याच्या ३९ नंबरला युनिक्लो आहे. जपानी दुकान बघायला पॅरिसला कशाला, असं म्हणून पुढे जाऊ नका, आत जा. दुकानाच्या मधोमध विटांचं जुनं धुराडं उभं आहे. या भागातल्या सोनारांच्या दुकानांतला केर आणि राख इथे आणून जाळत आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण वेगळे काढत. आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी हेच करतात, पाटी आणि पाण्याने. इथे त्यासाठी कारखाना होता. आता तिथे मोजे मिळतात.

मोठ्या रस्त्यावर फार रेंगाळू नका. र्यू व्हिएय-द्यु-तांप्लने वर चढत जा. जितकं उत्तरेला जाल तितकी दुकानं लहान आणि कपडे विचित्र होत जातात. हा 'ओ मारे', वरचा मारे. नवे डिझायनर इथे सापडतात. एका खोलीत चार हँगर-दांड्या, कोपऱ्यात टेबल, आणि टेबलामागे बऱ्याचदा डिझायनर स्वतः. इथे गप्पा मारा. कापड कुठलं, किती नग काढलेत, शिवलंय कुठे, असं विचारलं की त्यांची कळी खुलते. एकदा एक जण मोठ्या कौतुकाने मला सुती झगा दाखवत होता आणि आतल्या पट्टीवर 'भारतात तयार केलेले' असं लिहिलेलं. मी काही बोलले नाही.

बोलणार तरी काय! इथल्या बड्या नावांचं भरतकाम कितीतरी वर्षं मुंबईच्या कारखान्यांत होत आलं आहे. दिओरने ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तो मुंबईच्या 'चाणक्य' या भरतकामाच्या कार्यशाळेशी असलेल्या नात्यातूनच. आव्हेन्यू मोंतेन्यवर ३० नंबरला दिओरचं मूळ घर आहे. शेजारी त्यांचं संग्रहालय आहे, तिकीट काढून बघता येतं. तिथले झगे बघताना आरीच्या टाक्याकडे जवळून बघा, ओळखीचा वाटेल.

जुन्या कपड्यांची दुकानं, 'फ्रिपरी', मारेत ढिगाने आहेत. काही ठिकाणी कपडे वजनावर विकतात. रंगीत बिल्ल्यावरून किलोचा भाव कळतो, दुकानात तराजू ठेवलेला असतो, स्वतः तोलून बघायचं. लेदर जॅकेट वजनाला महाग पडतं, रेशमी ब्लाउज जवळजवळ फुकट. 'देपो-व्हाँत' हा प्रकार वेगळा. तिथे लोक आपले चांगले कपडे विकायला ठेवतात. सोळाव्या विभागात, श्रीमंत वस्तीत, र्यू द ला पोंपवर त्यासाठी जावं.

कपडा हातात घेतल्यावर

बुटिकं बघायची ती मुख्यतः यासाठी. जॅकेट हँगरवरून उतरवा आणि पहिल्यांदा उलटं करा. आतली शिवण बघा. कडा नुसत्या ओव्हरलॉक मारून सोडल्यात, की पट्टी लावून झाकल्यात? अस्तर खालच्या काठाशी घट्ट ताणून शिवलंय, की हलकी घडी ठेवलीय? घडी असेल तर बसता-उठताना कापड ओढलं जात नाही. मग चौकडा किंवा रेघा असतील तर बाजूच्या शिवणीवर, खिशाच्या झाकणावर जुळतात का ते बघा. रेघ जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून पैसे वाचवणारा पहिली कात्री तिथेच लावतो. शेवटी काज. हाताने केलेलं काज मागच्या बाजूने किंचित ओबडधोबड असतं, मशीनचं दोन्हीकडून सारखं.

हे सगळं तीन-चार महागड्या दुकानांत बघून घ्या, मग स्वस्त दुकानांत जा. डोळा तयार झालेला असतो. माझी एक वहिनी शाळेत शिवण शिकवायची. तिने एका फार नावाजलेल्या दुकानात तीन हजार युरोंचा कोट उलटा करून पाहिला, परत ठेवला, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "तळदुमड मी याहून बरी घालते."

आतल्या पट्टीवर कापडाचं नाव असतंच. 'स्वा' म्हणजे रेशीम, 'लेन' लोकर, 'लँ' लिनन. लेन आणि लँ यांत घोळ करू नका, मी केला आहे.

मापांचं गणित असं: बायकांच्या कपड्यात फ्रेंच ३८ म्हणजे ब्रिटिश १० आणि इटालियन ४२. मारेत इटालियन माल खूप, त्यामुळे ४२ बघून खचून जाऊ नका. पुरुषांच्या कोटात आपल्या ४० छातीला इथे ५० म्हणतात. बुटांत ब्रिटिश ८ म्हणजे साधारण ४२. खांद्यात बसत नसेल तर सोडून द्या, खांदा उसवून लहान करणं महागात पडतं. लांबी आणि बाह्या मात्र पुण्यात येऊन कमी होतात.

परत करायचं झालं तर

दुकानात जाऊन, बघून घेतलेला चांगला माल आवडला नाही म्हणून परत घ्यायला फ्रान्समध्ये दुकानदार कायद्याने बांधलेला नाही. ऑनलाइन घेतलं तर १४ दिवस मिळतात, दुकानात ज्याची त्याची मर्जी. मी एकदा सेन नदीच्या डाव्या काठावरच्या एका दुकानातून बूट घेतले, घरी गालिच्यावर चार पावलं चालले, टाच लागली, दुसऱ्या दिवशी परत गेले. बाईंनी तळवा बघितला, बिल बघितलं, आणि बिलाच्या पाठीमागच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ते बूट अजून माझ्याकडे आहेत. तेव्हा पैसे देण्याआधी विचारा: परत घेता, की नुसतं बदलून देता, आणि किती दिवसांत?

करपरतावा

याला 'देताक्स' म्हणतात. तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहत असाल, वय १६ च्या वर असेल आणि एकाच दुकानात तीन दिवसांच्या आत मिळून १०० युरोंहून जास्त खरेदी केली असेल, तर दुकानात करपरताव्याचा फॉर्म मागा. पासपोर्ट लागतो. कर २० टक्के असला तरी मधल्या कंपनीचा वाटा जाऊन हातात साधारण १२ टक्के पडतात.

विमानतळावर 'पाब्लो' नावाची यंत्रं आहेत. फॉर्मवरचा बारकोड त्यापुढे धरला की हिरवा पडदा येतो, झालं. पण हे बॅगा चेक-इन करायच्या आधी करायचं, कारण कस्टमवाले माल दाखवायला सांगू शकतात. माझ्या मावशींनी कोट आधी बॅगेत घालून बॅग पाठवून दिली आणि मग रांगेत उभ्या राहिल्या. यंत्राने नेमकं त्यांनाच खिडकीकडे पाठवलं. कोट विमानाच्या पोटात, मावशी खिडकीपाशी, परतावा गेला. पॅरिसहून पुढे रोम-मिलानला जाऊन तिथूनच भारतात परतणार असाल, तर फॉर्मवर कस्टमचा शिक्का तिथे, संघातून बाहेर पडताना घ्यायचा. आणि खरेदीपासून तीन महिन्यांत.

अजगर-मगरीच्या कातड्याच्या वस्तूंच्या वाटेला कागदपत्रांशिवाय जाऊ नका. फुटपाथवरच्या नकली पर्सच्या तर अजिबातच नाही, नकली माल बाळगणं हा इथे गुन्हा आहे. कापडी पिशवी जवळ ठेवा.

नदीपलीकडे, आणि डोंगराच्या पायथ्याशी

डाव्या काठावर सेव्र-बाबिलॉन मेट्रोपाशी बुसिकोचं बों मार्शे अजून उभं आहे. नावाचा अर्थ 'स्वस्त' असा होतो. आत गेल्यावर हसू येतं. त्याच रस्त्यावर, र्यू द सेव्रवर, १७ नंबरला एर्मेसचं दुकान ल्युतेसिया हॉटेलच्या १९३५ सालच्या पोहण्याच्या तलावात थाटलंय. तलावावर फरशी घातली, वर लाकडी जाळीच्या उंच झोपड्या उभारल्या. ते बघायला काहीच पडत नाही.

पण शेवटच्या दिवसाचे पैसे मी मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी खर्च करायला लावते. मेट्रो आँव्हेर, तिथून पाच मिनिटांवर सँ-पिएरचा कापडबाजार. ड्रेफ्युसची पाच मजली कापडाची वखार आणि आसपासच्या गल्ल्यांत 'कूपों'ची दुकानं, म्हणजे तीन-तीन मीटरचे कापून ठेवलेले तुकडे. लोकर, रेशीम, लिनन, काही मोठ्या घराण्यांचं उरलेलं. तयार कोटाच्या किमतीत इथे सगळ्या घराला पुरेल इतकं कापड येतं, आणि बॅगेत सपाट बसतं.

मी पहिल्यांदा गडद निळ्या लोकरीचा तुकडा आणला तेव्हा आमच्या सदाशिव पेठेतल्या शिंपीकाकांनी तो बोटांत चुरगाळला, सोडला, सुरकुती जाते का बघितलं. मग टेप लावली. "पन्हा दीड मीटर आहे," ते म्हणाले. "तुझा कोट होऊन आईचं जाकीट निघेल. अस्तर मात्र तू आणून दे, रविवार पेठेतून."